लिफ्टमध्ये सासरे

नेरूरकर मॅडमना मी पाहिलं नंतर, आधी ऐकलं. बोरिवलीच्या एका प्रसूतिगृहात सोनोग्राफीची डॉक्टर म्हणून माझा पहिला दिवस होता. हातात नेमणुकीचं पत्र धरून मी हिरव्या पडद्याबाहेर उभी होते आणि आतून खणखणीत आवाज आला, "तुम्ही लिफ्टमध्ये आहात. पोटात गॅस झालाय. शेजारी सासरे उभे आहेत. आवळा." थोडी शांतता. "अजून आवळा. सासरे सातव्या मजल्यावर राहतात." पुन्हा शांतता. "हं, उतरले सासरे. सोडा." आपण बरोबर ठिकाणी आलोय ना, म्हणून मी पत्रावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

ठिकाण बरोबर होतं. बाळंतपणात कधीकधी खालचे स्नायू फाटतात. टाके घालतात, बहुतेकींचं भरून येतं. काही जणींचं नीट येत नाही. मग वायू आवरत नाही, कधी शौचाचीही पंचाईत होते, आणि हे त्या आईलाही सांगत नाहीत, नवरा तर लांबच राहिला. आमचं काम म्हणजे सोनोग्राफीचा प्रोब बाहेरून टेकवायचा आणि मोजायचं: स्नायू सैल असताना मधली जागा किती, आवळल्यावर किती. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा स्नायूत दम. त्यावरून सर्जन ठरवणार, व्यायामावर भागेल की पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

आता, 'आवळा' म्हटलं की बायका काय वाट्टेल ते आवळतात. कोणी दात, कोणी मुठी, एकीने तर माझं मनगट. म्हणून मॅडमनी सासऱ्यांना लिफ्टमध्ये आणून उभं केलं होतं, आणि ते वाक्य शब्दाशब्दाने तसंच म्हणायचं असा त्यांचा हुकूम होता. "मृणाल, तू 'लिफ्टमध्ये दीर' म्हणालीस की संपलं," त्या मला सांगायच्या. "दिराला कमी लाजतात. माप बदलतं."

मापाच्या बाबतीत बाई वेडी होती. दुसरा शब्द नाही. प्रोब जरा जोरात दाबला तर आकडा बदलतो, पेशंट खोकली तर बदलतो, आणि मोजणारीला सकाळी घरी कोणी काही बोललं असेल तरी बदलतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे प्रत्येक बाईला आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींचा आकडा न बघता. आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी करायची आणि चकलीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात टाकायची. डबा उघडायचा मान आमच्या आयाबाई सावंत मावशींचा. मूळच्या मालवणच्या. चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या वाचायच्या आणि निकाल द्यायच्या, "जुळला हां." जुळलं तरच रिपोर्ट जाणार. डब्याला कायम चकलीचा वास येत होता आणि रिपोर्टांनासुद्धा.

"एकटीने मोजलेला आकडा म्हणजे नुसतं मत असतं गं," मॅडम म्हणायच्या. "आणि मोठ्या डॉक्टरचं असेल तर जास्तच चुकीचं. कारण त्याला कोणी विचारत नाही."

हे खूळ हॉस्पिटलपुरतं असतं तर ठीक होतं. भाचीच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायचा, तर मॅडमनी दोन टेलरांकडून मापं घेतली, एकाला दुसऱ्याचं न सांगता. छातीत दीड इंचाचा फरक निघाला. तिसरा टेलर बघेपर्यंत लग्नाचा दिवस उजाडला आणि मॅडम जुन्याच ब्लाऊजमध्ये मिरवल्या. एकदा बाजारात मला आणि मावशींना एकाच पापलेटची लांबी वेगवेगळी अंदाजाने सांगायला लावली. कोळीण ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, मासा घ्यायचाय का त्याला पँट शिवायचीय?"

तर अशा या बाईकडे एके दिवशी हेमांगी आली. मनोरीची, चोवीस-पंचवीस वर्षांची, पहिलं बाळ झालेलं, तेही दणदणीत. टाके दुसऱ्या हॉस्पिटलात पडले होते. तीन महिने झाले तरी वायू आवरत नव्हता. मनोरीहून मार्व्याला यायला फेरीबोट आहे, पाच-दहा मिनिटांचा पाण्याचा रस्ता. पण ही बोटीत पाय ठेवत नव्हती. सगळं गाव ओळखीचं, मांडीला मांडी लावून बसणार, आणि त्यात काही झालं तर? म्हणून नवऱ्याला घेऊन भाईंदरला वळसा घालून, दोन तास खात आली होती. माहेर मालाडला, तिथे तीन महिने गेली नव्हती. मासे विकायला मालाडच्या बाजारात बसायची, तेही बंद. "मी घरातच बसते मॅडम," एवढं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्जननी आम्हाला सांगून ठेवलं होतं, स्नायू काम करत नसेल तर पुन्हा उघडून शिवू. पोरीला ऑपरेशनची जाम धास्ती होती. तान्हं बाळ पदरात.

आधी मॅडमनी मोजलं. नेहमीचं वाक्य, नेहमीचा सातवा मजला. बाहेर येऊन चिठ्ठी डब्यात टाकली. त्यांचा चेहरा पडलेला होता, पण नियमाप्रमाणे मी काही विचारलं नाही.

मग मी आत गेले. "तुम्ही लिफ्टमध्ये आहात," मी सुरुवात केली. हेमांगीने मान हलवली. गॅस, सासरे, सगळं झालं. मशीनच्या पडद्यावर स्नायू ढिम्म. पुन्हा म्हटलं. पुन्हा मान हलली, स्नायू नाही. मला तिच्या मान हलवण्याचा संशय आला. शिक्षिकेसमोर बसलेली मुलं अशी मान हलवतात.

"कळलं ना, मी काय म्हणाले ते?"

"नाय," ती म्हणाली. "आमच्याकडं लिफ्ट नाय. मी दोनदाच बसलेय, दोन्ही वेळा डोळे मिटून."

"बरं, लिफ्ट राहू दे. सासरे शेजारी आहेत असं समज."

त्यावर ती इतकी हसली की प्रोब हलला. "सासऱ्यांची कसली लाज? बोटीत त्यांच्या बाजूला कोणी बसत नाय. ते स्वतःच सोडतात आणि वर म्हणतात, इंजिनाचा आवाज."

मी हात टेकले. शब्द बदलायचा नाही हा मॅडमचा हुकूम. बदलला तर माझं माप बाद. पण समोरची बाई ऑपरेशनला जाणार होती, आणि ते कशामुळे, तर बोरिवलीतल्या एका लिफ्टमुळे. मी विचारलं, "मग तुला लाज वाटते कोणाची?"

ती लाजली. मग हळूच म्हणाली, "रॉकीची. बोटीवर तिकिटं फाडतो. शाळेत माझ्या वर्गात होता."

"छान. तू बोटीत आहेस. पोटात गॅस आहे. रॉकी तिकीट फाडायला तुझ्याकडे येतोय."

पडद्यावर स्नायू असा काही आवळला गेला की माझ्याच अंगावर काटा आला. मावशी कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या करत उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "रॉकी इलो गो, रॉकी इलो," त्या ओरडल्या, आणि मग, "गेलो रॉकी, सोड आता." मी तीनदा मोजलं. बाहेर बाकावर बसलेल्या हेमांगीच्या नवऱ्याने नर्सला विचारलं म्हणे, आत रॉकी कोण आहे?

मावशींनी डबा उघडला. मॅडमची चिठ्ठी: फरक काही नाही. माझी चिठ्ठी: फरक नऊ मिलिमीटर. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "ह्या काय जुळूक नाय." इतक्या वर्षांत त्यांना हे वाक्य क्वचितच म्हणावं लागलं होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू तिला काय म्हणालीस?"

"बोटीत रॉकी," मी म्हटलं.

मला वाटलं, आज नोकरी गेली. मॅडम तडक आत गेल्या. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, जरा चाचरत, साठी ओलांडलेल्या बाईने एखादं वाक्य पहिल्यांदाच म्हणावं तसा, "तुम्ही बोटीत आहात. रॉकी येतोय." बाहेर आल्या तेव्हा चिठ्ठीवर आकडा होता नऊ. स्नायू शाबूत होता, फक्त कमजोर झाला होता. ऑपरेशनचं नाव तूर्तास नाही, व्यायाम. हेमांगी रडायलाच लागली आणि तिच्याबरोबर बाळही.

आम्हाला वाटलं, मॅडम खूश होतील. त्या स्टुलावर बसून राहिल्या. चहा आला, गार झाला. मग म्हणाल्या, "मृणाल, तू माझं ऐकलं असतंस तर काय झालं असतं?"

"माझ्याही चिठ्ठीवर शून्य आलं असतं."

"आणि मावशी म्हणाल्या असत्या, जुळला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "चिठ्ठ्या जुळतात म्हणून मी इतकी वर्षं मिरवत होते. अगं, आपण दोघी मिळून एकसारखं चुकत असू तरी त्या जुळणारच की." मी पाहिलेल्या नेरूरकर मॅडम कधी रडल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. बोटांवर मोजत म्हणाल्या, "गोराईच्या आल्या, वर्सोव्याच्या आल्या, चाळीतल्या आल्या. मी सगळ्यांना लिफ्टमध्ये घातलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि ज्यांच्या रिपोर्टात 'स्नायू आवळत नाही' असं लिहिलं होतं, त्या प्रत्येकीला स्वतः फोन लावला. "मी नेरूरकर. माझं माप चुकलं असेल. पुन्हा या, पैसे नाहीत." डॉक्टर असं फोनवर बोलतात यावर निम्म्या बायकांचा विश्वास बसला नाही. बऱ्याच जणी आल्या. काहींचं माप तेच निघालं, काहींचं बदललं, आणि एकीचं ठरलेलं ऑपरेशन रद्द झालं. रजिस्टरमध्ये नवा रकाना आला: 'लाज कोणाची'. त्यात मॅडमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं आहे: सोसायटीचे सेक्रेटरी. नणंदेचा नवरा. भजनी मंडळाच्या अध्यक्षा. एकीपुढे 'कोणाचीच नाही' असं आहे आणि खाली मॅडमचा शेरा, 'भाग्यवान. खोकायला सांगितलं, आपोआप आवळलं.'

चार महिन्यांनी हेमांगी आली. पिशवीत सुके बोंबील. वास चकलीच्या डब्यावर मात करून गेला. मॅडमनी विचारलं, "कशी आलीस?"

"बोटीने. सासऱ्यांच्या बाजूला बसून. इंजिनाचा आवाज झाला तो त्यांचा, माझा नाय." मग तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "फक्त नवरा अजून रॉकीशी बोलत नाय."

माझी मुलगी झाली तेव्हा मलाही टाके पडले. तीन महिन्यांनी तपासायची वेळ आली, आणि त्या टेबलावर मी आणि प्रोब मॅडमच्या हातात. लाज म्हणजे काय असते ते मला तेव्हा कळलं. मॅडमनी रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि अगदी परक्या पेशंटला विचारावं तसं विचारलं, "लाज कोणाची वाटते?"

मी म्हटलं, "तुमचीच, मॅडम."

त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं. प्रोब टेकवला. घसा खाकरला. "तुम्ही लिफ्टमध्ये आहात. पोटात गॅस झालाय. शेजारी," आणि तिथे त्यांचं गाडं अडलं, "शेजारी मी उभी आहे." पुढचं त्यांना बोलता येईना. मी हसले, त्या हसल्या, प्रोब खाली पडला आणि मावशी पदरात तोंड खुपसून बाहेर पळाल्या. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच हसत होतो.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या. झोपेत, कोणाला काही त्रास न देता. चकलीचा डबा आता माझ्या टेबलावर असतो. त्यात रोज नव्या चिठ्ठ्या पडतात, पण तळाशी एक आहे ती मी काढत नाही. त्या दिवशी हसून झाल्यावर मॅडमनी डोळे पुसत पुसत लिहिलेली: 'माप घेता आलं नाही. तपासणारी हसली. उद्या परत या.'