रेघेखालचा पत्रा

परवा एका प्रदर्शनात प्राचीन ग्रीकांची शिशाच्या पातळ पत्र्याची एक घडी पाहिली. शर्यतीतल्या घोड्यांची नावं तिच्यावर कोरून, खिळा ठोकून ती मैदानात पुरली की घोड्यांचे पाय बांधले जातात, असं खाली लिहिलं होतं, आणि मला एकदम मोताळ्याकडच्या शंकरपटाच्या, बैलजोड्यांच्या शर्यतीच्या मातीचा वास आला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, मी विशीतला. उद्याच्या पटात आपली जोडी हरली तर बादशाला खामगावच्या बाजारात विकीन, अशी मामाने शपथ घेतलेली, आणि त्या बैलावर माझा जीव. म्हणून दिवस मावळताना, रिकाम्या मैदानात, बैल सुटतात त्या रेघेवर, समोरच्या जोडीची नावं कोरलेला डब्याचा पत्रा पुरायला मी बसलो. वीतभर उकरलं, तर आत आधीच एक पत्रा, खिळा ठोकलेला. उलगडला. त्यावर ‘बादशा’! मागून आवाज आला, “काऊन बे, काय उकरून राह्यला?” समोरच्या जोडीचा धुरकरी, तिचा हाकणारा! “हा तूच पुरला न बे?” मी ओरडलो. त्याचा चेहरा उतरला. धोतरातून करकरीत पत्रा काढून तो म्हणाला, “माया तर हा अजून हातातच हाये, भाऊ.” मग आम्ही दोघांनी तो मातीतला पत्रा नीट पाहिला. गंजाने कडा झडलेल्या, निदान वीस वर्षांचा. आणि बादशा तर जेमतेम चार वर्षांचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोड्या त्या रेघेवर पाय रोवून उभ्या राहिल्या, त्या हलल्याच नाहीत. न पळणं म्हणजे हरणंच, असं म्हणून मामाने शपथ पाळली. प्रदर्शनातली ती घडी मी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिली. ग्रीक लिपी मला वाचता येत नाही, हे फार बरं आहे.