काकूंची खडूची रेघ

अमेरिकेतल्या हर्नडन गावाजवळच्या एका जुन्या घराच्या म्युझियममध्ये काकू दर रविवारी गाइड असत. कुणी दोरीपलीकडे नुसतं बोट नेलं तरी गर्जना व्हायची, “डोन्ट टच! अरे, तुलाही सांगतेय!” तो ‘तू’ म्हणजे मी, त्यांच्या मदतीला येणारा.

ओढ्याचं पाणी तळघरात शिरलं की ते जिथवर चढलं त्या पायरीवर काकू खडूची रेघ ओढत. दर वेळी रेघ वर वर सरकत होती. “हवा बदलतेय, सामान हलवायचा प्लॅन करा,” त्या कमिटीला विनवत. कमिटी म्हणे, पुढच्या मीटिंगला बघू.

एका रविवारी पाणी तळघराच्या सगळ्यात वरच्या पायरीला टेकलं. काकूंनी दोरी सोडली, तळमजल्यावरचा दोनशे वर्षांचा पाळणा धरला आणि माझ्यावर ओरडल्या, “बघतोस काय? उचल!”

पाळणा माडीवर पोचला. मी टाळी मागायला वळलो, तर काकू खडू घेऊन माडीच्या पायऱ्या मोजत होत्या.