सामान चकाचक

शनिवार, १० जानेवारी. उद्याच्या सांगलीच्या रसायनशास्त्र स्पर्धेसाठी काचसामान पेटीत भरते आहे. ब्युरेट म्हणजे खुणांची लांब काचेची नळी, खाली तोटी. जुन्या साडीत गुंडाळली की फुटत नाही. मागच्या स्पर्धेपर्यंत हे काम एक निवृत्त हवालदार करायचे आणि पेटीवर थाप मारून सांगायचे, "मॅडम, सामान चकाचक हाय."

साताऱ्यात निवृत्त फौजी कमी नाहीत. कुणी बँकेच्या दारात बसतं, कुणी गल्लीतल्या पोरांना पहाटे पळवतं. तुम्हीही पाहिले असतील. हे हवालदार माझ्या प्रयोगशाळेत आले ते मुलीमुळे. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मी रविवारी जादा वर्ग घेते. पुस्तकाबाहेरचे प्रयोग, स्पर्धांची तयारी, असं. ते रहिमतपूरहून लेकीला स्कूटरवर आणायचे आणि वर्ग सुटेपर्यंत दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. रिकामं बसणं त्यांना जमेना. एका रविवारी उठले, बाह्या दुमडल्या आणि परीक्षानळ्या घासायला लागले.

लेक हुशार आणि तोंडाची फटकळ. "बाबा, ब्रश आत आपटू नका, बूड फुटतं."

"अगं, मशीनगन साफ केलीया मी."

"तिचं बूड काचेचं नव्हतं."

वर्ग हसायचा, सगळ्यांत मोठ्याने ते. त्यांनी धुतलेली प्रत्येक नळी ती उजेडाकडे धरून बघायची आणि निम्म्या परत पाठवायची. ते निमूट पुन्हा घासायचे. "आमचा सुभेदार बरा हुता," मला हळूच म्हणायचे, "ही लय कडक."

बारावीच्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आठवड्याच्या आत गेली.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. कुणी मान वर केली नाही. ते आत आले आणि सरळ नळाकडे गेले. मी कपाटातल्या स्वच्छ नळ्याही काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. दुसरं काय करणार होते? पुढे दर रविवारी ते येत राहिले. त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलं की आठवड्यात तेवढाच एक दिवस ते दाढी करतात.

त्या वर्षीच्या सांगलीच्या स्पर्धेला संघ तिला धरून तिघींचा होता. तिसऱ्या जागी दुसरी मुलगी घ्यायला उरलेल्या दोघी तयार झाल्या नाहीत. दोघीच गेल्या. हवालदार पेटी मांडीवर घेऊन आमच्याबरोबर आले. तिथे पोचल्यावर प्रवासाची धूळ नको म्हणून त्यांनी ब्युरेट नळाखाली पुन्हा धुतली, पुसली, स्टँडला लावली आणि खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले.

आता एवढं समजून घ्या. ब्युरेट पाण्याने कितीही धुतली तरी भरण्याआधी त्याच द्रावणाने आतून खळबळून घ्यावी लागते. नाहीतर आत राहिलेल्या थेंबांनी द्रावण पातळ होतं आणि उत्तर चुकतं. माझ्या मुलींना हे झोपेतही येतं. तरी त्या दिवशी दोघींनी खळबळली नाही. तशीच भरली.

त्या स्पर्धेत शेवटी प्रत्येक संघाची चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आमची वाचली तेव्हा हवालदार मागच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर मी मुलींना बाजूला घेऊन विचारलं. एक जण जमिनीकडे बघत म्हणाली, "काका खिडकीत उभे होते, मॅडम. त्यांनी इतकी धुतलेली. त्यांच्यासमोर परत कशी धुवायची?"

पुढच्या रविवारी हवालदार आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. घरीही जाऊन आले. ते रानात गेलेत, असं बायको म्हणाली.

आज पेटी भरून झाल्यावर त्यांच्या बायकोला फोन केला. तिने त्यांच्या हातात दिला.

मी सरळच बोलले. चूक पोरींची होती, खळबळून घेणं हे त्यांचं काम.

"व्हय," ते म्हणाले. "पर त्यांनी का न्हाई खळबळली, ते मला ठावं हाय."

मी पेटीची कडी लावली.

"आमची असती तर म्हनली असती, बाबा, व्हा बाजूला." मग म्हणाले, "व्हा बाजूला म्हनायला कुनीच न्हाई आता, मॅडम."

मी सांगितलं, उद्याची सकाळची गाडी रहिमतपूरला थांबते. कशाला हात लावू नका. नुसते चला.

"नव्या पोरींना सांगा," ते म्हणाले, "काकाला भिऊ नका म्हनावं." आणि फोन बायकोकडे दिला.

रविवार. सकाळी गाडी रहिमतपूरला थांबली तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. दोन बायका भाजीच्या पाट्या चढवत होत्या, त्यांना हात दिला. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. गाडी सुटल्यावर जागेवर आले आणि मुलींना डबे उघडायला लावले. सांगलीत उतरल्यावर खायला वेळ मिळत नाही.