तरवडाची शिकवणी

शिरूर कासारच्या कॉलेजात मी वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय, आणि या वीस वर्षांत माझ्या हातून एकही झाड जगलं नव्हतं. भाड्याच्या घरात होतो तोवर ही गोष्ट लपून राहिली. कुंडीतली तुळस वाळली की बायको गुपचूप दुसरी आणून लावायची आणि माझी अब्रू राखायची. पण मग गावाच्या कडेला, माळाला लागून आम्ही घर बांधलं, पुढं ऐसपैस अंगण सोडलं, आणि माझं बिंग फुटायची वेळ आली.

अंगणात हिरवळ पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. टेम्पोतून हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या. लग्नात सतरंज्या अंथरतात तशा दोन माणसांनी त्या अंथरल्या, कडेनं चार पाम लावले आणि ते निघून गेले. पावसाळाभर मी रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायचो. दिवाळीनंतर नळ दहा दिवसांवर गेला. पुढं टँकर सुरू झाला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या आणि मी गवताला पाणी पाजतोय, हे माझं मलाच बघवेना. म्हणून मी आंघोळीचं पाणी पाईप लावून अंगणात सोडलं. तिसऱ्या दिवशी हिरवळीला फेस आला.

बायको दारात आली. म्हणाली, "अहो, अंगण दाढीला बसलंय का?"

संक्रांतीपर्यंत हिरवळ पिवळी पडली आणि उरलीसुरली शेळ्यांनी संपवली. पाम तर शेळ्यांनीही खाल्ले नाहीत. ते उभ्या उभ्या वाळले.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. पन्नाशीच्या पुढच्या, काटक. दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्या आणि त्यांचे मालक ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. तेवढे पाच-सहा महिने घराला कुलूप. त्यांच्या अंगणात नुसती झुडपं होती, वेडीवाकडी, काटेरी. मला ते रान वाटायचं. हिरवळ अंथरायच्या आधी मी त्यांना जाऊन सांगितलंही होतं, की मावशी, तुमचं ते पिवळ्या फुलांचं झुडूप आमच्या हद्दीत येतंय, तेवढं काढा. त्यांनी विळा घेतला आणि ते बुडापासून छाटलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी कॉलेजनं मला एका शिबिराला पाठवलं. आपल्या भागातली मूळची झाडं लावून कमी पाण्यात बाग कशी करावी, असा विषय होता. दोन दिवस मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. जी झाडं मी वर्गात फळ्यावर काढत होतो, ती खरोखरच कुठंतरी उगवतात आणि त्यांना आपला उन्हाळा नवा नाही, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदाच शिरलं. परत आलो तो पेटूनच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या बायकोला सांगितलं, "आजपासून आपल्या अंगणात परदेशी झाड नको."

"बरं," ती म्हणाली. "झेंडू कुठला?"

"मेक्सिकोचा."

"आणि परसातलं सीताफळ?"

"तेही तिकडचंच. अमेरिकेकडचं."

सीताफळ! आमच्या बालाघाटाच्या डोंगरात जे बोट लावावं तिथं उगवतं, ते परदेशी म्हटल्यावर तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. "मिरची?"

मी मान खाली घातली. "तीपण."

दुसऱ्या दिवशी ताटात भाकरी नव्हती. ज्वारी मूळची आफ्रिकेची, हे मीच कधीतरी मुलीच्या अभ्यासाच्या वेळी सांगितलं होतं, ते तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. मिरची नाही, टमाटा नाही, बटाटा नाही, शेंगदाण्याची चटणीही नाही. भात, मिरे घातलेलं वांगं आणि तिळाची कोरडी पूड. संध्याकाळी वांगं. दुसऱ्या दिवशी परत वांगं. तिसऱ्या दिवशी मी कबूल केलं की स्वयंपाकघराला हा नियम लागू नाही, सीताफळही जुन्या ओळखीचं म्हणून राहू द्यावं, आणि जे काही करायचं ते फक्त पुढच्या अंगणात. तेव्हा कुठं मला ठेचा मिळाला.

शिबिरात सगळ्यात जास्त बोलणं तरवडाबद्दल झालं होतं. माळरानातलं झुडूप, पाण्यावाचून राहतं, शेळी त्याला तोंड लावत नाही, पिवळ्याधमक फुलांनी भरतं. मी नर्सरीत जाऊन तरवड मागितला. नर्सरीवाला म्हणाला, असलं काही आम्ही ठेवत नाही, पुण्याहून मागवावं लागेल. मी मागवा म्हणालो. घरी येऊन गेटपाशी बायकोला सांगत होतो, की पुण्याहून तरवड येतोय. मावशी त्यांच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"काय येतंय पुण्याहून?"

"तरवड, मावशी. एक झाड असतं..."

"हे काय मग?" त्यांनी भिंतीच्या कडेला बोट दाखवलं. बुडापासून छाटलेल्या खोडाला पुन्हा कमरेएवढा फुटवा आला होता आणि त्यावर फुलं होती. "हे तरवडच की. तुमीच काढाय लावलंतं न्हवं का?"

मी जवळ जाऊन पानं मोजली, फूल उलटं करून बघितलं. वर्गात वीस वर्षं मी ज्याचं लॅटिन नाव पाठ करून घेतलं होतं, ते झाड माझ्या भिंतीला टेकून उभं होतं. बायको तोंडाला पदर लावून घरात पळाली. मावशींना हसू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही. "सर हायेत ना तुमी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात खरी काळजी होती.

थोड्याच दिवसांत त्या ऊसतोडीला गेल्या. मी कुदळ घेऊन माळावर गेलो. दोन तरवड, एक बोर, एक नेपती अशी वाढलेली झाडं मुळासकट उपटून आणली, खड्डे घेऊन लावली आणि झारीनं रोज दोन वेळा पाणी घातलं. बोरानं आठ दिवसांत मान टाकली. मग मी पाणी वाढवलं. पाडव्याला मावशींचा ट्रॅक्टर दारात आला तेव्हा माझ्या अंगणात चार वाळक्या काड्या ओळीनं उभ्या होत्या.

मावशींनी बोचकं खाली ठेवायच्या आधीच भिंतीवरून डोकावून बघितलं. मग आमच्या अंगणात येऊन, खाली वाकून माती चिमटीत घेतली.

"रोज पाणी घातलंत?"

"दोन वेळा."

"कावून?"

झाड म्हटलं की पाणी घालायचं, एवढंच मला माहीत होतं.

"आवो, तुमी पाजून पाजून मारली की ती," त्या म्हणाल्या. "मोठं झाड उपटायचंच न्हाई. त्याचं मूळ खाली लई लांब गेल्यालं असतं, ते तुटतं. बी लावायचं. आमी निम्मं साल घरी नसतो, आमच्या झाडाला कोण पाणी घालतंय? जे जगतंय तेच आमी ठेवतो."

त्या उन्हाळ्यात मावशींनी मला शिकवायला घेतलं. तरवडाच्या वाळक्या शेंगा त्यांनी स्वतःच्या झाडाच्या दिल्या. बाभूळ आणि हिवराच्या बियांसाठी मात्र म्हणाल्या, शेळ्यांच्या वाड्यात जा. शेळ्या दिवसभर शेंगा खातात, रात्री रवंथ करताना बी टाकून देतात. ते बी उगवायला बेस. म्हणून मी माळावरच्या एका धनगराच्या वाड्यात जाऊन, उकिडवा बसून, लेंड्यांतून बी वेचू लागलो. कॉलेजला सुट्टी होती, ओळखीचं कुणी यायची शक्यता नव्हती. आणि नेमके आमचे प्राचार्य स्कूटरवरून त्या वाटेनं आले. थांबले. माझ्या हातातल्या पिशवीत डोकावले.

"सर, हे काय?"

"संशोधन," मी म्हणालो.

"घरी सगळं ठीक आहे ना?" असं हळू आवाजात विचारून ते गेले. संध्याकाळी त्यांच्या बायकोचा माझ्या बायकोला फोन आला. माझी बायको म्हणाली, "हो हो, तब्येत बरी आहे त्यांची. लेंड्याच गोळा करतात फक्त."

पावसाच्या तोंडावर मावशींनी माझ्याकडून आळी करून घेतली. दगड गोळा करून उताराला बांध घातला, म्हणजे अंगणातलं पाणी रस्त्यावर न जाता तिथंच मुरेल. वाळलेला पालापाचोळा मी झाडून बाहेर टाकायचो, तो त्यांनी परत आत टाकायला लावला. रोपं वर आली. वीत-वीत झाली. पाऊस उघडल्यावर आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, आणि थंडी पडली की तेही बंद, असा त्यांचा हुकूम होता.

मला राहवेना. बाहेर उन्हात वीतभर रोपटं उभं आहे आणि आपण आत पंख्याखाली बसलोय, हे सहन होत नव्हतं. दुपारी मावशी आडव्या झाल्या की मी हळूच झारी घेऊन जायचो. चौथ्या दिवशी पकडला गेलो. त्या पायानं माती चाचपत म्हणाल्या, "वलं हाय हे." मी म्हणालो, दव पडलं असेल. भर दुपारी. त्यांनी माझ्या हातातली झारी घेतली आणि त्यांच्या घरात नेऊन ठेवली. दसऱ्यानंतर त्या निघाल्या तेव्हा झारी आतच राहिली, बाहेरून कुलूप. जाताना कुणीही शेजाऱ्याला सांगतो, की आमच्या झाडांकडं लक्ष ठेवा. मावशी ट्रॅक्टरवर चढता चढता बायकोला म्हणाल्या, "बाई, सरांना आमच्या अंगणात जाऊ देऊ नका."

तो उन्हाळा कडक गेला. अकरा रोपांपैकी सात जगली. पाडव्याला परत आल्यावर मावशींनी एकेका रोपापाशी थांबून ती बघितली. मग झारी परत दिली. मी ती माळ्यावर टाकून दिली.

पुढच्या दिवाळीत पुण्याहून माझा मेहुणा आला. मी त्याला फोनवर सांगितलं होतं, बाग असलेलं घर. तो गल्लीतून तीन वेळा गाडी घेऊन गेला. चौथ्या वेळी माझ्या दारासमोर गाडी उभी करून त्यानं मला फोन केला, की इथं एक पडीक घर आहे, त्याच्यापासून पुढं कसं यायचं?

दिवसभर तो नावं ठेवत होता. काटे काय, पाचोळा काय, साप निघेल. सकाळी उठून बघतो तर हा पायरीवर बसलेला. तरवड फुलला होता, आणि त्याच्यावर पिवळी फुलपाखरं इतकी होती की फूल कुठलं आणि पाखरू कुठलं ते उडाल्याशिवाय कळत नव्हतं. चहा पार गार करून तो म्हणाला, "मला याचं एक रोप दे. बाल्कनीत लावतो."

रोप द्यायचं नाही, बी द्यायचं, हे मला आता पाठ होतं. मावशींच्या दाराला कुलूप होतं, पण त्यांचं झुडूप भिंतीवरून आमच्याकडं झुकलं होतं. त्याच्या वाळक्या शेंगा आम्ही दोघांनी तोडल्या, चोळून बी काढलं, आणि मावशींनी मला कसं शिकवलं ते मी मेहुण्याला सांगितलं. मेहुण्यानं मूठभर बी पँटच्या खिशात टाकलं आणि पुण्याला गेला.

चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन. आवाज चढलेला. "भावजी, कपडे धुवायच्या मशीनमधून खडखड आवाज येतोय. मेकॅनिक बोलावला तर आतून बिया निघाल्या. तुमच्याकडच्या आहेत, असं हे म्हणतात."

"पाणी गरम होतं का?" मी विचारलं.

"काय?"

"मशीनमधलं पाणी. गरम की गार?"

"गरम. का?"

"मग बिया टाकू नका," मी म्हणालो. "कवच कडक असतं त्यांचं, गरम पाण्यानं मऊ पडतं. आजच कुंडीत लावा."

मग तिनं फोन हातात धरूनच नवऱ्याला हाक मारली. पंधरा दिवसांनी त्यांच्या बाल्कनीतून फोटो आला. एका कुंडीत नऊ रोपं, दाटीवाटीनं, आणि खाली तिनं लिहिलं होतं, की यातली कुठली काढायची आणि कुठली ठेवायची ते तुमच्या त्या मावशींना विचारून सांगा.