पाटल्या कोणाकडे द्यायच्या

“आधी मागं पाह्य, मंग पर्स उघड.” हे वाक्य ताईंनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आजही एटीएमसमोर उभी राहिले की माझी मान आपोआप मागे वळते. आणि वळली की मला थोडा रागही येतो.

मनीषनगरच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. सगळी नोकरी त्यांनी बस डेपोत तिकीट खिडकीवर केली होती. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, नजर मात्र तशीच राहिली. गल्लीतली कोणतीही बाई बाहेर निघाली की ताई तिला फाटकाशीच थांबवत. पर्स रस्त्याच्या बाजूला असली तर काढून दुसऱ्या खांद्यावर अडकवत. गळ्यातलं दिसत असलं तर ओढणी वर ओढून देत. बँकेतून निघाल्यावर वाटेत भाजी घ्यायला थांबायचं नाही, सरळ घरी यायचं, हेही बजावत. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिचा तुम्हाला जाच वाटत असेल आणि घरात लग्नकार्य निघालं की पहिली आठवण तिचीच होत असेल.

गल्लीतल्या बायका लॉकरमधले दागिने आणायला, ठेवायला ताईंना सोबत नेत. मंगल कार्यालयात कपडे बदलताना अंगावरचं सोनं त्यांच्या ओटीत टाकत. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझं वय झालं, पोरं मोठी झाली, पण मला कोणी साधी किल्लीसुद्धा ठेवायला दिली नव्हती.

आई गावाकडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा तर हा हेवा घरातच येऊन बसला. आईच्या लग्नातल्या जाड पाटल्या लॉकरमध्ये ठेवायच्या होत्या. लॉकर माझ्या नावावर. मी पर्स घेऊन तयार झाले, तर आई म्हणाली, “तू नको नेऊ. ताईले दे.”

“काहून?”

“तुझं ध्यान नसते वं.”

एवढं बोलून ती दुपारच्या झोपेला आडवी झाली, इतकी निर्धास्त. पाटल्या ताईंच्या कमरेच्या बटव्यात आणि मी मेट्रोत त्यांच्या शेजारी, पाहुण्यासारखी. पोटची पोर मी होते, भरवसा त्यांच्यावर होता.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याचं लग्न निघालं आणि त्याच पाटल्या परत आणायला आम्ही दोघी सीताबर्डीला गेलो. बँकेचं काम झालं. गर्दीचा रस्ता टाळायचा म्हणून ताई आतल्या गल्लीने निघाल्या. तिथे एका माणसाने आम्हाला थांबवलं. त्याचा जोडीदार थोडा पुढे मोटरसायकलवर बसला होता. अंगावर वर्दी नव्हती, पण गळ्यात ओळखपत्र होतं आणि बोलणं फार अदबीचं. पुढच्या चौकात आत्ताच एका बाईची चेन ओढून नेली, म्हणून आम्ही तपासणी करतो आहोत, असं त्याने सांगितलं.

ताई लगेच म्हणाल्या, की मी सगळ्यांना हेच सांगत असते, पण कोणी ऐकत नाही. त्याने त्यांची नोकरी विचारली, मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, तुमच्यासारख्या समजदार बाया असत्या, तर आमचं अर्धं काम कमी झालं असतं,” तो म्हणाला.

मी बाजूलाच उभी होते. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला आठवतं, माझ्या मनात एवढंच आलं, की आता पोलीससुद्धा हिलाच मान देतात.

मग तो म्हणाला, की हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवा, इथून पुढे धोका आहे. त्या बांगड्या ताईंनी निवृत्तीच्या पैशांतून स्वतःसाठी केल्या होत्या. त्यांनी त्या काढल्या. त्याने खिशातून कागद काढून नीट पुडी बांधली, आपल्या हाताने त्यांच्या पर्समध्ये ठेवली, पर्सची चेनही लावून दिली. आणखी काही आहे का, असं त्याने विचारलं. ताई “नाही” म्हणाल्या. पाटल्या कमरेला होत्या. मला वाटलं, विसरल्या.

मेट्रोत बसल्यावर ताईंनी पुडी उघडली. आत दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या होत्या. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला. “पहिले आईच्या पाटल्या घरी पोचू दे. मंग ठाण्यात जाऊ.” मग घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी बटवा सोडून पाटल्या आईच्या हातात ठेवल्या आणि मगच पाणी मागितलं. झालेलं सगळं सांगितलं. आईने विचारलं, स्वतःच्या काढून दिल्या, मग माझ्या का नाही दिल्या?

“माह्यं सोनं मी पोलिसाच्या भरवशावर काढलं,” ताई म्हणाल्या. “तुमचं कोणाच्या भरवशावर काढू?”

आई त्यांची दोन्ही मनगटं हातात घेऊन त्यांवरून हात फिरवत राहिली. मी पाण्याचा रिकामा पेला घेऊन उभी होते. माझ्या हातावरून आईने असा हात कधी फिरवला होता, ते मला आठवेना. बाईचं सोनं गेलं होतं, आणि मला त्यातही हेवाच वाटत होता.

संध्याकाळी आम्ही ठाण्यात तक्रार दिली. बांगड्या काही सापडल्या नाहीत. मला वाटलं, आता ताई चार दिवस घराबाहेर पडणार नाहीत. माझ्या बाबतीत असं झालं असतं, तर बांगड्या मोडायला टाकल्या म्हणून मी सांगितलं असतं. पण ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या आणि घरोघरी जाऊन आपण कशा फसलो ते सांगत फिरल्या.

“त्यानं मले समजदार म्हटलं, तिथंच मी फसली,” त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. “कोणी तुमची तारीफ करून राहिला, तर पर्स घट्ट धरा. खरा पोलीस रस्त्यावर दागिने काढाले सांगत नाही.”

एक-दोघी हसल्या. ताईही त्यांच्यासोबत हसल्या. मला वाटलं होतं, आता त्यांच्याकडे कोण सोनं देतं. तर त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून आपला हार घेऊन त्यांच्या दारात उभी होती. इतकी वर्षं मी त्यांच्या हुशारीवर जळत होते. त्या सकाळपासून जळायला आणखी एक कारण मिळालं. फसल्यावर असं ताठ मानेने दारोदार सांगत फिरणं मला कधीच जमलं नसतं.

लग्न पार पडलं आणि लवकरच ताई मुलीकडे रायपूरला राहायला गेल्या. त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. ते येताजाता हसतात, कोणाला थांबवत नाहीत.

पाटल्या कपाटातच पडून होत्या. लॉकरचा विषय काढला की आई म्हणायची, ताईले येऊ दे. त्या येणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी एका सकाळी तिने पाटल्या रुमालात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. सूचना एकही केली नाही. फक्त चप्पल घालून माझ्याबरोबर निघाली. ताईंबरोबर ती कधी गेली नव्हती.

ऑटोत बसल्याबरोबर तिने माझं मनगट धरलं. सीताबर्डीपर्यंत सोडलं नाही, बँकेच्या पायऱ्या चढतानाही सोडलं नाही. अजून भरवसा नाही म्हणून धरलं होतं की काय, मी विचारलं नाही. आत गेल्यावर रजिस्टरमध्ये सही करायची होती. बँकेतली मुलगी पेन पुढे करून थांबली.

“आई, सही करू दे,” मी म्हटलं.

तिने उजवा हात सोडला आणि डावा धरला.