सार्जंट काकांची फेरी

सार्जंट काका दूध आणायला निघाले तरी आधी स्कूटरभोवती पूर्ण फेरी मारायचे. टायर अंगठ्यानं दाबायचे, ब्रेकची तार ओढून बघायचे, पेट्रोलचं झाकण पिळायचे. दूध मिळायचं समोरच्याच चौकात. रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत त्यावर हसणारे पुष्कळ होते. काका साताऱ्याकडचे. वायुसेनेत वीस वर्षं त्यांनी विमानांची देखभाल केली, स्वतः कधी विमान चालवलं नाही. "आधी हात, मग तोंड," ते म्हणायचे. हात लावून बघितल्याशिवाय कशालाही ठीक म्हणायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी धाराशिवकडची, घरातली पहिली पदवीधर. महाळुंग्याच्या एका कंपनीत नोकरी करत होते आणि खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी दर रविवारी विमान शिकायला जात होते. हे कळल्यावर लोक विचारायचे, "भीती नाही वाटत?" काकांनी विचारलं, "उडायच्या आधी तपासतं कोन? तू का दुसरं कोन?"

एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी विमानातली सगळी घड्याळं आणि बटणं काढली. गच्चीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं, हातात दांडा म्हणून काकूंचं लाटणं दिलं. डोळे मिटून एकेका बटणावर बोट ठेवायचं. खालून काकू ओरडायच्या, "अहो, विमान उतरलं असेल तर लाटणं पाठवा, कणीक मळून झालीय!"

मग मी एकटीनं विमान न्यायचा दिवस ठरला. त्या सकाळी तपासणीच्या यादीवर मी भराभर खुणा केल्या. शिफ्टच्या सुरुवातीला मशीनच्या चेकशीटवर आम्ही करतो तशाच, वरपासून खालपर्यंत एका दमात. शिकवणारे सर शिडीवर चढले आणि पंखावरच्या इंधनाच्या टाकीचं झाकण त्यांनी एका बोटानं फिरवलं. सैल होतं. यादीत त्यापुढे माझी खूण होती.

"एकटीला सोडणार नाही," सर म्हणाले. "महिनाभर बघतो. पुन्हा असं झालं तर मी तुला शिकवणार नाही."

काका रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, ते स्कूटरचं काहीतरी सैल करून ठेवायचे आणि मी ते शोधायचं. कधी आरसा, कधी नंबरप्लेटचा स्क्रू. बसमधले सहकारी खिडकीतून हाका मारायचे, "ओ मॅडम, घ्या आता टेकऑफ, शिफ्ट सुरू होईल!"

एकदा वीस मिनिटं शोधलं, काही सापडेना. बस निघून गेली. रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "काका, हरले."

"आज काय ढिलंच केलं न्हवतं. समद्याला हात लावलास न्हवं? मग ठीक हाय म्हन की पोरी! ते म्हनायलाबी छाती लागती."

त्याच दिवशी ते पहिल्यांदा वायुसेनेबद्दल बोलले. "मी सही करायचो आन् पायलट जायचा. तो खाली येईस्तवर माझी सही वर असायची. तवर मला च्या गोड लागायचा न्हाई."

महिन्यानं सरांनी पुन्हा दिवस दिला. काका माझ्याबरोबर आले, कुंपणाशी उभे राहिले. मी विमानाभोवती फेरी मारली. शिडीवर चढून झाकण पिळलं, मग खूण केली. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून मी धावपट्टीवरून उठले, एक चक्कर मारली आणि उतरले. चाकं टेकताना जरा उडी बसली.

मी कुंपणापाशी काकांकडे आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "ठीक हाय." आणि काकूंनी दिलेल्या थर्मासमधला चहा स्वतःला ओतून घेतला.

परवाना हातात आला तेव्हा काका नव्हते. पावसाळ्यात छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत ते गेले. काकूंनी स्कूटर मला दिली. रोज सकाळी मी तिच्याभोवती फेरी मारते, तेव्हा वॉचमन हसतो. रविवारी विमानाच्या शिडीवर चढते, तेव्हा झाकण घट्ट आहे हे कळल्यावरही हात लगेच काढवत नाही.