खंडेनवमीला बंद केलेली मशीन

मी काय काम करते हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. नात्यातल्या लग्नात कुणी खाला विचारते, "क्या करती गे तू?" मी सांगते, जमीन हलते ती मोजते. मग ती माझ्याकडे एकदा नीट बघते आणि ताटाकडे वळते. तिचं काही चुकत नाही. मोजून काय केलं, असं तिनं पुढे विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं, आणि आता तर मुळीच येणार नाही.

आमच्या नांदेड-लातूरकडे काही गावांत अधूनमधून जमिनीतून आवाज येतो. लांब कुठेतरी टिप्परमधून दगड ओतल्यासारखा गडगडाट होतो, मांडणीतली भांडी किणकिणतात आणि संपतं. दुसऱ्या दिवशी पेपरात घाबरून जाऊ नका असं छापून येतं. आमच्या छोट्या संस्थेनं अशा गावांत शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत यंत्रं बसवली होती. ती जमिनीची हालचाल क्षणाक्षणाला आकड्यांत पाठवायची आणि ते आकडे वेळेच्या क्रमानं तीन मशीनींवर साठायचे. दोन मशीनी नांदेडला आमच्या ऑफिसात आणि तिसरी लातूरला. तिन्ही मिळून डेटाबेस एकच. प्रत्येक गावाचे आकडे तीनपैकी कुठल्यातरी दोन मशीनींवर असायचे, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरीवर प्रत शिल्लक. या तिघींना सांभाळणं ही माझी नोकरी.

लातूरचं ऑफिस म्हणजे अप्पा. औशाकडचे लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, पायात कायम बूट, कारण रानातून फिरायचं. यंत्रं बसवणं, बॅटऱ्या बदलणं आणि हे यंत्र पाऊस पळवत नाही अशी सरपंचांची समजूत घालणं, हे सगळं त्यांच्याकडे. मोठा भूकंप झाला तेव्हा ते दहावीला होते. घर गेलं, आई गेली, धाकटी बहीण गेली. त्या रात्री ते शेतात पाणी द्यायला गेले होते म्हणून वाचले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मुदखेडच्या स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघताना. त्यातही रडारड नव्हती, राग होता.

"ताई, आधी वरीसभर आवाज यायचे. लई यायचे. आम्ही म्हणायचो, आला बघ, अन् परत कामाला लागायचो. वाढून राहिलेत का कमी होऊन राहिलेत, ते कुणी बघितलंच न्हाई आमच्या गावात."

अप्पांना आयुष्यात एवढंच हवं होतं. भूकंप आधी सांगता येत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण आपल्या पट्ट्यातले आवाज वाढतायत की कमी होतायत, हे एकदा कुणीतरी छातीठोकपणे सांगावं. त्यासाठी वर्षानुवर्षांचे न तुटलेले आकडे लागतात. ते जमत आले होते. पुण्याच्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, अजून एक पावसाळा जाऊ द्या, मग मी बसते आणि सांगते. अप्पा त्या पावसाळ्याची वाट लग्नाच्या तारखेसारखी बघत होते.

त्यात डेटाबेसची नवी आवृत्ती आली. जुनीला कुणी वाली राहणार नव्हता आणि नवी यंत्रं जुनीशी बोलेनात, म्हणून तिन्ही मशीनी बदलून घेणं भाग होतं. पद्धत सरळ आहे. एका वेळी एकच मशीन बाजूला काढायची. तिच्यातलं सगळं पुसून नवी आवृत्ती टाकायची आणि परत जोडायची. मग उरलेल्या दोघी तिला तिचे आकडे देतात. ती पूर्ण भरली की दुसरीला हात लावायचा. नियम एकच, दोघी एकदम बंद ठेवायच्या नाहीत.

मी संस्थेच्या साहेबांना म्हटलं होतं की आधी सगळ्याची वेगळी प्रत काढू. साहेब म्हणाले, "तीन जागी ठेवतोय की आपण, मग बॅकअप आणखी वेगळा काय असतो?" तीन जागी नाही हो, दोन जागी, असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. माझा स्वभाव तापट, पण चहा आला की मीही गप्प बसते. तो चहा आजही माझ्या डोक्यात जातो.

नांदेडची पहिली मशीन सुरळीत झाली. दुसरीसाठी मी खंडेनवमीचा दिवस निवडला. खंडेनवमी आणि दसरा जोडून सुट्टी, ऑफिसात शुकशुकाट, कुणी मध्ये येऊन प्रिंट काढून दे म्हणणार नाही.

आता कुणी म्हणेल, तू मुसलमानाची, तुला खंडेनवमीचं काय कळणार. तसं अजिबात नाही. अब्बांचं विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी बांधायचं दुकान होतं आणि शेजारचे हार्डवेअरवाले दरवर्षी त्या दिवशी आमच्याही पान्यांवर झेंडूची फुलं ठेवून जायचे. अब्बा त्या दिवशी मोटारीला हात लावत नसत. "आज उनको आराम करने देव," म्हणायचे. लातूरलाही तेच चालायचं. अप्पा दरवर्षी खंडेनवमीला मशीन रीतसर बंद करायचे, फडक्यानं पुसायचे, हळदकुंकू लावायचे, फूल ठेवायचे, नारळ फोडायचे आणि परत चालू करायचे. चालू मशीनची पूजा करत नाहीत, ती विश्रांतीला असावी लागते. मी दर वर्षी इकडे बसून पडद्यावर बघायची, लातूरचा हिरवा दिवा जायचा, थोड्या वेळानं यायचा. दुसऱ्या दिवशी पेढ्याचा फोटो. कधी काही बिघडलं नाही, कारण नांदेडच्या दोघी जाग्या असायच्या. उलट मीच त्यांना चिडवायची, "अप्पा, तुमची लाडकी झोपली की माझ्या दोघींना डबल ड्यूटी."

त्या सकाळी मी फोन केला. "अप्पा, आज इथली दोन नंबरची काढतेय."

"हाव का? मग आमच्या मशीनला काही?"

"तुमच्या मशीनला आज मी हात लावत नाही."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. त्यांना ते खरंच बरं वाटलं. मी आज मध्ये येणार नाही, म्हणजे पूजेला मशीन मोकळी, असं त्यांनी धरलं. अन् मी हात लावत नाही म्हणजे ती आज चालूच राहणार, असं मी धरलं; पूजेची आठवणच मला झाली नाही. दोघांनी आनंदानं फोन ठेवला.

मी दोन नंबरमधलं सगळं पुसलं. औशाच्या पट्ट्यातल्या गावांच्या दोन प्रती दोन नंबरवर आणि लातूरला असायच्या, त्यामुळे त्या क्षणी त्यांचे सगळे जुने आकडे जगात एकाच ठिकाणी होते, लातूरच्या मशीनवर. मी दोन नंबर परत जोडली, भरणं सुरू झालं, आणि ते जेमतेम सुरू होतंय तोच लातूरचा दिवा गेला.

मी फोन लावला तर तो वाजत राहिला. पूजेत माणूस फोन उचलत नाही. परत लावला. परत. मी रिकाम्या ऑफिसात उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही. शेवटी त्यांचाच फोन आला.

"ताई, दसऱ्याच्या शुभेच्छा. मशीन उठंना झाली बघा."

"अप्पा, काय केलं तुम्ही?"

"पूजा केली. अन् चालू कराय गेलो तर आतून आवाज येऊन राहिलाय. ऐका."

त्यांनी फोन मशीनजवळ धरला. टक टक, टक टक, मग थोडा दम घेऊन परत टक टक. डिस्क मेली की असाच आवाज येतो. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी जुनी डिस्क एकदा थांबली की कधी कधी परत फिरतच नाही. दरवर्षी उठायची, या वर्षी नाही उठली. मी खुर्चीत बसले. अप्पांनी विचारलं, "साधंच हाय ना?" मी हो म्हणाले.

खरं सांगावं लागलंच. अप्पांनी ती डिस्क नव्या पंच्यात गुंडाळली आणि बसनं हैदराबादला घेऊन गेले, कुरियरनं पाठवू दिली नाही. तिथल्या दुकानदारानं उघडून बघितली आणि आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं सांगितलं. अप्पांना पटेना, म्हणून त्यानं त्यांना भिंगातून ते ओरखडे दाखवले. परतताना ते देगलूरला उतरून नांदेडला माझ्याकडे आले. मी चिडायची पूर्ण तयारी करून बसले होते. ते दारात आले, पंचा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हळदीकुंकवाचा डाग पडला हो त्याच्यावर. त्यानं तर न्हाई ना झालं?" माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांच्यासमोर हमसून रडले.

त्यानं झालं नाही, हे मी त्यांना शंभर प्रकारे समजावलं. डिस्क जुनी होती, पूजा नसती तरी लाईट गेल्यावर तेच झालं असतं. प्रत काढायला हवी होती, ती मी भांडून काढून घ्यायला हवी होती. अप्पा ऐकून घ्यायचे आणि हाव म्हणायचे. तेव्हापासून त्यांनी लातूरच्या ऑफिसात कुठल्याच वस्तूची पूजा केली नाही. मला ते डिस्क गेल्यापेक्षा वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

पुण्याच्या बाई भल्या. त्या म्हणाल्या, पुन्हा सुरुवातीपासून साठवा. निधी देणाऱ्यांना मात्र सुरुवात नको होती, निष्कर्ष हवा होता. साहेबांनी सगळं छान शब्दांत लिहून पाठवलं आणि वर्षाअखेर काम बंद होणार असं उत्तर आलं. गंमत अशी की नवी आवृत्ती फार सुंदर चालली. लातूरला नवी डिस्क बसली, तिन्ही मशीनींचे हिरवे दिवे लागले, एकदाही अडखळल्या नाहीत. औशाच्या पट्ट्याचा आलेख उघडला की डावीकडे पडदाभर पांढरं आणि उजव्या टोकाला एक बारीक नवी रेघ.

काम बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, त्या रेघेनं उसळी घेतली. मी अर्धापूरहून आलेली केळी सगळ्यांना वाटत होते, ती तशीच हातात राहिली. तेवढ्यात अप्पांचा फोन आला. ते गावीच होते. मागून बायकांचा गलका आणि एक कुत्रं सारखं भुंकताना ऐकू येत होतं.

"ताई, आवाज झाला. आला का तुमच्याकडं?"

"आला अप्पा. स्पष्ट आलाय."

"लोकं जमलेत सगळे. मला विचारून राहिलेत." त्यांनी आवाज बारीक केला आणि विचारलं, "आधीच्यापेक्षा मोठा हाय का लहान?"

मी पडद्याकडे बघितलं. उसळलेल्या रेघेच्या डावीकडे सगळं पांढरं होतं.

"माहीत नाही, अप्पा," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग फोन तोंडापासून जरा लांब धरून त्यांनी लोकांना सांगितलं, "काही न्हाई. जा घरला." भूकंपाच्या आधी त्यांच्या गावात सगळे एकमेकांना हेच सांगत असणार. लोक घरी गेले, फोनमधला गलका कमी होत गेला, अन् अप्पा फोन ठेवायचं विसरले; शेवटी त्यांच्या मागचं कुत्रंच तेवढं ऐकू येत राहिलं.